डावीकडचं बटन

“हे सर्किट आहे की सलवारची नाडी?”

साहेबांनी माझ्या खोक्यातली पांढरी सुती पट्टी दोन बोटांत धरून वर ओढली आणि असं विचारलं. सिमेंट कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये सुरक्षा सप्ताहाची तयारी चालू होती. टेबलं मांडली होती, ज्याने त्याने बनवलेले नमुने त्यावर ठेवले होते. भोवती चाळीसेक माणसं, त्यात बाया तीनच. माझ्या अंगावर सलवार-कमीज, वरून ठेकेदाराचं निळं जाकीट. लोकांनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्या सलवारीकडे पाहिलं, मग हसले.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला शूर म्हणणार नाही. साहेबांनी पट्टी सोडली, बोटं रुमालाला पुसली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी पट्टी परत आत सारली. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि चेहऱ्यावर हसू तसंच चिकटलेलं होतं. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

ती नाडी नव्हती. मोटारीचं कॉइल बांधायची पट्टी होती. माझे अब्बा मोटारी बांधतात. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत सुकवायची. आमचं घर गडचांदूरला. अब्बा वीस-बावीस वर्षं याच कारखान्यात, ठेकेदाराच्या हजेरीवर. मोटारीतून बाहेर निघणाऱ्या वायरींना रंग असतात, पण वार्निशमध्ये बुडवलं की लाल, पिवळी, निळी सगळ्या सारख्याच तपकिरी होतात. म्हणून अब्बा प्रत्येक टोकाला सुती पट्टी बांधतात आणि तिला गाठी मारतात. पहिल्या वायरीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. वार्निश कितीही चढू दे, गाठ बोटाला लागते. अब्बा न बघता जोडणी करतात. मी इलेक्ट्रिशियनची आयटीआय केली, रंगांचे नियम पाठ केले, परीक्षेत लिहिले. पण हात बसलेला गाठींवरच.

त्या खोक्यातला खेळ मी प्रदर्शनासाठी बनवलाच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत टाइमपास म्हणून बनवला होता. भंगारात एका होइस्टचं, म्हणजे ओझं वर-खाली करणाऱ्या यंत्राचं, जुनं पॅनल पडलं होतं. त्यातले दोन रिले चांगले निघाले. रिलेला वीज मिळाली की आतली पत्ती टक्कन बसते. होइस्टमध्ये त्यांची जोडणी अशी असते की वर नेणारा रिले बसला की खाली आणणाऱ्याची वाट बंद, आणि खालचा बसला की वरच्याची वाट बंद. आधी जो बसेल त्याचं राज्य. मला वाटलं, यातून खेळ होतो.

दारावरच्या घंटीची दोन बटनं घेतली. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघांना एकेक हिरवा दिवा. मधोमध मोठा लाल दिवा. लाल कधी लागेल ते कुणालाच कळू नये, म्हणून कूलरच्या जाळ्या हलवणारी बारकी मोटार घेतली, तिच्यावर प्लास्टिकच्या डब्याचं झाकण बसवलं आणि झाकणाच्या कडेला वेड्यावाकड्या अंतरावर तांब्याचे तुकडे चिकटवले. झाकण हळूहळू फिरतं. तांबं वायरीच्या टोकाला लागलं की लाल पेटतो. लाल पेटला की बटन दाबायचं. ज्याचं बोट आधी त्याचा हिरवा लागतो आणि दुसऱ्याचं बटन मरून जातं. आतल्या प्रत्येक वायरीला मी पट्टी बांधली. डावीकडच्या वायरींना एक गाठ, उजवीकडच्यांना दोन.

काय धमाल यायची. फिटर, वेल्डर, लोडिंगची माणसं, सगळे डबे बाजूला ठेवून खेळायचे. सगळ्यांत तेज कुसुमबाई. कन्व्हेयरच्या पट्ट्यावरून चुनखडी वाहते, ती खाली सांडते, ती सांडलेली झाडून काढणारी ही बाई. पन्नाशी उलटलेली. भल्याभल्या जवानांना तिने हरवलं. एकाने विचारलं, “बाई, तुमचं बोट एवढं कसं चालते?”

ती म्हणाली, “लहानपणापासून कापूस वेचून राह्यलो बापा. बोंड टोचायच्या आत बोट काढा लागते.”

आमच्या मुकादमानेच मला खेळ प्रदर्शनात ठेवायला लावला. तिथे ती नाडी झाली.

दोन दिवसांनी कार्यक्रम. बाहेरून मोठे साहेब येणार होते. सकाळी मी टेबलाजवळ गेले तर माझं लाकडी खोकं नव्हतं. त्या जागी चकचकीत पारदर्शक डबा. आत माझेच रिले, माझंच झाकण, माझीच कूलरची मोटार. बाहेर पितळेची पाटी, पाटीवर साहेबांचं नाव, खाली ‘संकल्पना व निर्मिती’.

मुकादम म्हणाला, “बाई, तुले फक्त पिन लावाची हाय. मांगं उभी राह्य. बोलू नको.”

मी डब्याच्या मागे उभी राहिले आणि आत बघितलं. गाठी नव्हत्या. सगळ्या पट्ट्या कापून टाकलेल्या. आतलं सगळं दिसणार म्हणून ते स्वच्छ दिसायला हवं, असं साहेबांनी ठरवलं असणार. नव्या डब्यात बसवताना वायरी सुटल्या होत्या आणि कुणीतरी अंदाजाने परत जोडल्या होत्या. एक वायर भलत्याच जागी होती. मला ती लगेच दिसली. तिने नेमकं काय बिघडेल याचा मी विचार केला नाही. बिघडणार एवढं मला पुरेसं होतं.

मी गप्प राहिले. आणि भीतीने गप्प राहिले नाही, हे सांगताना मला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मी मजेने गप्प राहिले. मला वाटलं, आता लागू दे लाल दिवा. मोठ्या साहेबांसमोर, फुलांच्या हारांसमोर, मोबाइल वर धरून उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर हा डबा अडकू दे. मग बघू कुणाची नाडी सुटते. मी विजेची पिन लावली.

डबा अडकला नाही. मोठे साहेब उजवीकडे उभे राहिले, आमचे साहेब डावीकडे. लाल पेटला. मोठे साहेब जिंकले. परत खेळले, परत मोठे साहेबच जिंकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे साहेब हात जोडून हसत होते. त्यांना हरायचंच होतं, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही, त्यांनाही नाही. मी मागे होते. मला दिव्यांच्या फक्त पाठी दिसत होत्या. मी हात चोळत राहिले.

मग साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, “आपल्याकडे महिन्याभरापूर्वी पट्ट्यावर अपघात झाला. कारण एकच. कंत्राटी लोकांचे हात मंद असतात. लक्ष नसतं. उद्यापासून हे यंत्र गेटवर बसेल. ज्याचा हात मंद, तो त्या दिवशी आत जाणार नाही.”

त्या अपघाताचं मला माहीत होतं. सांगते. पट्ट्याच्या कडेने एक दोरी असते, पोलादी, वरून पिवळं वेष्टण. कुणी अडकलं की दोरी ओढायची, पट्टा थांबतो. त्या माणसाचा हातमोजा रोलरमध्ये गेला. त्याने दुसऱ्या हाताने दोरी ओढली. वेळेवर ओढली. दोरी तुटून त्याच्या हातात आली आणि पट्टा चालूच राहिला. दोन बोटं गेली. बाजूला कुसुमबाई होती, तिने डोळ्यांनी पाहिलं. दोरी आतून गंजून कुजली होती. दुपारी साहेबांनी मला पाठवलं, “नवी टाक आणि जुनी भंगारात दे.” मी नवी टाकली. जुनीचं तुटलेलं टोक, हातभर, डब्याच्या पिशवीत घालून घरी नेलं. का नेलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. देववलं नाही, एवढंच.

आणि आता हा माणूस माझ्याच खेळावर हात ठेवून सांगत होता की हात मंद होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेटवर टेबल. उजव्या बटनावर मुकादम. डावीकडे एकेक कंत्राटी कामगार येणार. तीनदा खेळायचं, एकदा तरी मुकादमाच्या आधी दाबता आलं पाहिजे. कायम नोकरीवाले बाजूच्या दारातून सरळ आत जात होते, त्यांचे हात कुणी तपासत नव्हतं. पिन लावायला मी.

पहिले चार-पाच जण हरले. मुकादम काही चपळ माणूस नाही, गुटखा चघळत उभा असतो. तरी जिंकत होता. कुसुमबाई आली. तीनदा हरली. तिने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पोरी, मी तं आधी दाबलं होतं व.”

मुकादम म्हणाला, “चाल बाई, मांगं लाईन लागून राह्यली.”

मग अब्बा आले. हातात डबा. डबा खाली ठेवला, शर्टाला बोट पुसलं. या वेळी मी मागे उभी राहिले नाही, बाजूला सरकले. लाल पेटला. अब्बांचा हिरवा लागला. मी पाहिला. पापणी लवेल एवढाच वेळ. मग मुकादमाचं बटन दाबलं गेलं, अब्बांचा विझला आणि मुकादमाचा लागला.

तेव्हा मला ती वायर समजली. एका बाजूची वाट बंद करणारी जोडणीच राहिली नव्हती. उजवीकडच्याने आधी दाबलं तर डावीकडचं बटन मरत होतं, ते बरोबर. पण डावीकडच्याने आधी दाबलं तरी उजवीकडचं जिवंत राहत होतं. उजवीकडचा मागाहून सावकाश दाबून समोरच्याचा दिवा विझवू शकत होता. म्हणजे डावीकडे कुणीही उभं राहिलं असतं तरी हरलंच असतं.

अब्बा तीनदा हरले. त्यांनी डबा उचलला आणि बसस्टँडच्या बाजूला चालू लागले. मी पिन हातात धरून उभी. ओरडायला हवं होतं. पुढचा माणूस आला, मी पिन लावली. त्या दिवशी गेटवरून किती माणसं परत गेली ते मी मोजलं नाही, मोजवलं नाही.

दुपारी अर्ध्या हजेरीवर घरी आले तर अब्बा ओट्यावर बसले होते. दुपारच्या वेळी अब्बांना घरी बसलेलं मी ईद सोडून कधी पाहिलं नव्हतं. मी चप्पल काढायच्या आत ते म्हणाले, “दिवा लागला होता, बेटा. मले दिसला.”

“हो अब्बा.”

“गाठी कोनं कापल्या?”

“साहेबानं.”

“तुले कधी मालूम पडलं?”

मी खोटं बोलू शकले असते. पण मी म्हणाले, “कार्यक्रमाच्या दिवशी. वायर चुकलेली दिसली होती. मले वाटलं, सगळ्यांसमोर त्याची फजिती होईल.”

अब्बांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. वार्निशने त्यांची नखं कायमची तपकिरी झाली आहेत. मग म्हणाले, “फजिती त्याची पाहाची होती, अन् लाईनमधी आमाले उभं केलं.”

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. साहेबांच्या नाडीने मला जेवढं उघडं पाडलं नव्हतं तेवढं या वाक्याने पाडलं. साहेबांनी चोरी केली, खोटं बोलले, ते त्यांच्या पदरात. पण ती वायर मला दिसली होती आणि मी तमाशा बघायला उभी राहिले होते. मी सूड घ्यायला निघाले होते आणि तोसुद्धा मागे लपून, पिन हातात धरून, डबा आपोआप बिघडेल या आशेवर. असा सूड नेहमी आपल्याच माणसांवर येऊन पडतो, कारण पुढे तीच उभी असतात. गेटवर साहेब कधी डावीकडे उभे राहतच नाहीत.

मी ठरवलं, उद्या राहतील.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तीच रांग. कालचे परत गेलेले आज परत आले होते, अब्बासुद्धा. मुकादम म्हणाला, “लाव पिन.”

“नाई लावत, भाऊ.”

“काऊन?”

“आधी साहेबाले बोलवा. साहेब डावीकडं उभे राह्यतीन, तवा लावतो.”

त्याला वाटलं मी वेडी झाले. त्याने माझ्या हातातली पिन घ्यायला हात पुढे केला. मी पिन ओढणीत गुंडाळली आणि हात मागे घेतले. रांग पुढे सरकेना, मागून आवाज यायला लागले. तेवढ्यात साहेबांची गाडी गेटवर आली. काच खाली झाली.

“काय चाललंय?”

मी म्हणाले, “साहेब, लोक म्हणतात यंत्र खोटं आहे. तुम्ही बनवलंय. तुम्ही एकदा डावीकडून दाखवलंत तर कुणी बोलणार नाही.”

तुम्ही बनवलंय, हे मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. दोनशे माणसं ऐकत होती. त्यांना गाडीतून उतरावंच लागलं. हसत उतरले. हात झटकले, बाह्या वर केल्या आणि डावीकडे उभे राहिले. मुकादम उजवीकडे जायला लागला तशी मी त्याला थांबवलं आणि हाक मारली, “कुसुमबाई, तुमी या.”

कुसुमबाई घाबरत आली. मी तिच्या कानाशी गेले. “बाई, घाई करू नका. त्याचा हिरवा लागला की मंग दाबा. सावकाश.”

पिन लावली. झाकण फिरायला लागलं. लाल पेटला. साहेबांनी झटक्यात दाबलं, त्यांचा हिरवा लागला. कुसुमबाईने एक श्वास घेतला आणि दाबलं. साहेबांचा विझला, तिचा लागला.

लोक हसले नाहीत, कारण त्यांना काही कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा साहेबांनी बटन इतक्या जोराने दाबलं की टेबल हललं. कुसुमबाईने त्यानंतर पदर नीट केला आणि मग दाबलं. या वेळी रांगेत पुढे असलेल्या सगळ्यांनी पाहिलं. लागलेला दिवा विझताना पाहिला.

साहेब म्हणाले, “मी आधी दाबलं होतं.”

हे वाक्य मला हवं होतं. याच्यासाठीच मी पिन धरून उभी होते. मी म्हणाले, “हो साहेब. तुम्ही आधीच दाबलं होतं. काल या बाईने पण आधीच दाबलं होतं. माझ्या अब्बांनी पण. सगळ्यांनी. तुमचं यंत्र डावीकडच्याला जिंकूच देत नाही.”

आता लोक हसले. आधी मागचे, मग पुढचे, मग मुकादमसुद्धा तोंड फिरवून. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये हसलेले चेहरे मला त्यात दिसले. मला गोड वाटलं. फार गोड वाटलं, मी कशाला लपवू.

साहेब जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “हे बघ, केबिनमध्ये आण, तिथे दुरुस्त कर. इथे तमाशा नको. तुझं नाव पण लावू पाटीवर.”

मी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. डब्याचे चार स्क्रू काढले. दोन्ही रिले सोडवले, घंटीची बटनं सोडवली, कूलरची मोटार झाकणासकट काढली आणि एकेक करून डब्याच्या पिशवीत ठेवली. कुणी अडवलं नाही. एकही स्क्रू खाली पडू दिला नाही.

साहेब ओरडले, “ही चोरी आहे.”

“भंगारातलं होतं, साहेब. तुमचं काय होतं? डबा आणि पाटी. ती ठेवलीय.”

रिकामा पारदर्शक डबा टेबलावर राहिला, त्यावर त्यांचं नाव. तपासायला यंत्रच उरलं नाही म्हणून त्या दिवशी सगळे आत गेले. माझा गेटपास मुकादमाने तिथेच काढून घेतला. घेताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. कामगार एकेक करून माझ्या शेजारून आत गेले. कुणी थांबलं नाही. त्यांना हजेरी हवी होती, आणि ती मिळावी म्हणूनच मी उभी होते, तरी वाईट वाटलं. अब्बा शेवटी गेले. जाताना पिशवीवर हात ठेवला आणि बाहेरून चाचपून बघितलं, आत दोन्ही रिले आहेत ना. मग आत गेले.

त्यानंतर गेटवर तसलं यंत्र परत बसलं नाही. साहेब अजून आहेत. अपघातात माणसाचीच चूक, असं कागदावर अजून तसंच आहे. मी आता गडचांदूरला स्वतःच्या दुकानात मोटारी बांधते, अब्बा सुट्टीच्या दिवशी हात लावतात. खेळ मी परत जोडला आहे, जुन्या लाकडी खोक्यात, गाठींसकट. दुकानाच्या तोंडाशी ठेवला आहे. कुणीही यावं आणि कुठल्याही बाजूने खेळावं.

पुढच्या आठवड्यात अपघाताच्या चौकशीला बाहेरून अधिकारी येणार आहेत. दोन बोटं गेलेला माणूस परवा दुकानात आला होता. म्हणाला, “बोलशीन का तू?” मी म्हणाले, बोलीन. कुसुमबाईलाही विचारलं. ती घाबरते आहे, पण नाही म्हणाली नाही. ती आली नाही तरी मी जाणार. साहेब समोर बसलेले असतील. या वेळी मी त्यांच्या मागे उभी राहणार नाही आणि काही आपोआप बिघडेल याची वाटही बघणार नाही. दोरी कुजलेली होती हे त्यांच्या तोंडावर सांगणार. ती कुणी भंगारात टाकायला लावली तेही सांगणार. त्यांची नोकरी गेली तर जाऊ दे. मला दया येणार नाही.

दोरीचं तुटलेलं टोक पत्र्याच्या डब्यात आहे. अधिकाऱ्यांपुढे ठेवायचं म्हणून सकाळी काढलं, पुसलं आणि त्याला सुती पट्टी बांधून एक गाठ मारली, डावीकडच्या वायरींना मारते तशी.